सुनेच्या हातची पवित्र भाकर

रविवार, २ फेब्रुवारी

आज चर्चमध्ये मिस्साची उपासना संपताना फादरनी जे जाहीर केलं, ते ऐकून माझ्या हातातली मेणबत्ती विझली. खरं म्हणजे वाऱ्याने विझली, पण तानाजीराव, म्हणजे आमचे हे, घरी येईपर्यंत सांगत होते की बायकोने एवढा मोठा श्वास सोडला की तिची तर विझलीच, शेजारणीचीही विझली.

झालं असं. फादर बीडला राहतात आणि दर रविवारी मोटारसायकलवर आमच्या गावी येतात. आता त्यांच्या गळ्यात आणखी काही गावांचा एक धर्मग्राम पडला आहे. त्यामुळे पुढचा एक रविवार झाला की ते फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी येणार. बाकीचे रविवार आमच्यातल्याच कुणीतरी प्रार्थना चालवायची, बायबलातलं शुभवर्तमान वाचून त्यावर चार शब्द बोलायचे, आणि फादरनी मिस्सात पवित्र करून वेदीमागच्या पेटीत ठेवलेली भाकर लोकांच्या हातावर द्यायची. बिशपांची परवानगीसुद्धा आली. आणि हे काम, फादर म्हणाले, वनिता करील.

वनिता म्हणजे मी. अंगणवाडीतली पोरं सोडली तर या गावात माझं कुणी ऐकत नाही, आणि पोरंही खिचडी शिजेपर्यंतच ऐकतात. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नाहीतरी माना थोड्याच होत्या. निम्मी आळी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली, मागे राहिलेले आम्ही म्हातारेकोतारे आणि नोकरदार. पंडितरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शाळेतून रिटायर झाल्यापासून बायबलचं पहिलं वाचन तेच करतात, आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखं करतात. त्यांना वाटलं असणार की हे काम त्यांचंच.

सासूबाई काठी टेकत आमच्या मागून घरी आल्या. त्यांचं नाव केशरबाई, आम्ही सगळे आत्या म्हणतो. चर्चची किल्ली त्यांच्या कमरेला असते. जेवताना एवढंच म्हणाल्या, "लई जिम्मेदारीचं काम हाय ते."

मला मात्र आनंद झाला. लपवून काय करायचं?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आत्या सकाळी अचानक एसटीने बीडला गेल्या. गुडघ्याच्या डॉक्टरकडे. मी म्हटलं, शनिवारी मला सुट्टी आहे, मी नेते. तर म्हणे, "कावून? मला काय रस्ता ठाऊक न्हाई?" संध्याकाळी परत आल्या त्या केळी घेऊन. गोळ्या नाहीत, मलम नाही. डॉक्टर नव्हता म्हणे. दिवसभर मग काय केलं, तर "बसले हुते." म्हातारपणी माणूस हट्टी होतं ते असं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं आहे.

फादरचा फोन आला. म्हणाले, वनिताबाई, गावातलं एक माणूस परवा मला भेटून गेलं. त्यांचं म्हणणं, वनिता तापट आहे, तिची जीभ तिच्या ताब्यात नाही, राग आला की ताटं आपटते. ती वेदीपाशी उभी राहिली तर लोक यायचे बंद होतील. मी ऐकून घेतलं. निर्णय बदललेला नाही, पण तुमच्या कानावर घालावं असं वाटलं. शांतपणे प्रार्थना करा.

मी विचारलं, कोण माणूस? फादर म्हणाले, ते मी सांगणार नाही. मी परत विचारलं. ते म्हणाले, वनिताबाई, शांतपणे.

कोण ते सांगायला फादर कशाला हवेत? पंडितराव गुरुवारी बीडला गेले होते. शेजारच्या दीपमालाने स्वतः त्यांना चौसाळ्याच्या फाट्यावर बसमध्ये चढताना पाहिलं. मी तापट म्हणे! मी ताटं आपटते हे त्या माणसाला समजलं तरी कसं? त्यांचं घर तीन गल्ल्या पलीकडे. स्टीलचा आवाज लांब जातो, दुसरं काय.

तानाजीरावांना सांगितलं तर ते हसायला लागले. "पण आपटतीस तर खरी," म्हणाले. आत्या लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी एवढी तणतणत होते, पण "असूं दे गं" एवढंसुद्धा त्यांच्या तोंडून आलं नाही. शेवटी मी पातेलं आपटलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बीडला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. सिस्टरनी सगळं शिकवलं. पेटी कशी उघडायची, गुडघा कसा टेकायचा, कटोरा डाव्या हातात कसा धरायचा, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून "ख्रिस्ताचं शरीर" म्हणून त्याने "आमेन" म्हटल्यावरच भाकर हातावर ठेवायची. घाई करायची नाही. पोस्टमन पत्रं वाटतो तसं वाटायचं नाही, हे सिस्टरचे शब्द.

घरी आल्यावर गोल बिस्किटं घेऊन सराव केला. तानाजीरावांना समोर उभं केलं. ते प्रत्येक वेळी "आमेन" म्हणून बिस्कीट खाऊन टाकत आणि परत रांगेत येऊन उभे राहत. पुडा संपला. आत्या उंबऱ्यात बसून बघत होत्या. म्हटलं, आत्या, तुम्ही या की एकदा. तर म्हणाल्या, "मला बिस्कुट न्हाई लागत." मग थोड्या वेळाने, "हात कापतुय तुजा. कोपर अंगाला चिकटव, म्हंजी कापायचा न्हाई." तसं करून पाहिलं. खरंच कापत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

झालं! पहिला रविवार पार पडला आणि आभाळ कोसळलं नाही.

चाळीसेक माणसं होती, म्हणजे फादर असताना असतात तेवढीच. गरीब ते धन्य, असं आजचं शुभवर्तमान. मी लिहून नेलेला कागद उघडलाच नाही. अंगणवाडीत एक पोरगी रोज आपल्या खिचडीतला निम्मा घास धाकट्या भावासाठी डब्यात टाकते, तेवढंच सांगितलं. बोलताना समोर एक-दोन बायकांनी पदर डोळ्याला लावला, तेव्हा मला कळलं की आपल्याला हे जमतंय. पंडितरावांनी वाचन चांगलं केलं. चांगलंच केलं, तीच तर अडचण. शांतीची खूण म्हणून एकमेकांना हात जोडतात, तेव्हा मी सगळ्यांना जोडले, पंडितरावांच्या वेळी जरा फुलदाणी सरळ केली.

मग ख्रिस्तशरीर द्यायची वेळ आली. रांग लागली. एकेक हात पुढे येत होता, विडी वळून पिवळा झालेला, मेंदी लावलेला, ऑपरेशनची पट्टी बांधलेला. माझा हात कापला नाही. कोपर अंगाला चिकटवला होता.

आत्या उठल्याच नाहीत.

पहिल्या ओळीत, खांबाला टेकून, जपमाळ हातात घेऊन बसून राहिल्या. मला वाटलं गुडघा धरला असेल. मी कटोरा घेऊन त्यांच्यापाशी गेले, आजाऱ्यांना देतात तसं. त्यांनी मान हलवली. नको. सगळ्या चर्चने पाहिलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून या बाईने एक रविवार ख्रिस्तशरीर चुकवलेलं नाही, तापात फणफणलेली असतानासुद्धा. आज पहिल्यांदा माझ्या हातात ते होतं आणि तिने नको म्हटलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तानाजीरावांनीच विषय काढला. "आई, रोज हिच्याच हातचं खाती की तू."

"ते निराळं."

"काय निराळं?"

"मला न्हाई घेता येत तिच्या हातचं. बास."

मला न्हाई घेता येत! मी काय अस्पृश्य आहे? आमच्या आजोबा-पणजोबांनी ज्या शिवाशिवीपायी जुना धर्म सोडून येशूचं नाव घेतलं, ती गोष्ट माझ्या सासूने वेदीपुढे माझ्याशी करावी? खूप लागलं. मी ताट आपटलं नाही. अलगद ठेवलं, आणि ते आपटण्यापेक्षा वाईट होतं हे मला ठेवतानाच कळलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दीपमाला सांगत होती, आत्या काठी टेकत टेकत घरोघर जातात. सगळ्यांना बजावतात की फादर नाही म्हणून रविवार बुडवायचा नाही. आळीतला सटवा म्हणाला, बाईमाणसाचं काय ऐकायचं, तर आत्यांनी त्याला दारातच झापलं. "माजी सून बोलती तसं तुज्या सात पिढ्यांत कुणी बोललं न्हाई. गुमान ये."

मी दीपमालाला म्हटलं, तुला नाही समजायचं. गर्दी जमवायची आणि मग सगळ्यांसमोर नको म्हणायचं, म्हणजे जास्त लोकांना दिसतं. दीपमाला म्हणाली, काकू, तुमचं डोकं लई चालतं. तिने ते कौतुकाने म्हटलं की कसं, कळलं नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

देवाला विनोद कळतो. आजचं शुभवर्तमान: आपल्या शत्रूंवर प्रेम करा.

आठवडाभर तयारी केली. बोलले बरी. मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलले, कारण समोर एका बाजूला पंडितराव आणि एका बाजूला आत्या. शांतीच्या खुणेला पुन्हा फुलदाणी सरळ केली. आत्या पुन्हा उठल्या नाहीत. प्रवचनात त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण त्या मेणबत्तीजवळ बसतात, धूर लागतो.

सुटल्यावर पंडितराव थांबले. नातवाकडून आणलेला एक लहान माईक आणि स्पीकर माझ्या हातात दिला. "मागं बायांना ऐकू येत न्हाई. तुमी चांगलं बोलता, ते मागंबी पोचाया पायजे." मन खातं माणसाला, त्याशिवाय का कुणी स्पीकर देतं! मी घेतला. आवाज खरंच लांब जातो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज गिरणीवर भांडण झालं. मीच केलं.

मी आणि आत्या ज्वारी दळायला गेलो होतो. पंडितराव आधीच नंबर लावून उभे. गहिनीनाथ गिरणीवाला आमच्यातला नाही, पण त्याला सगळ्या गावाच्या देवाधर्माची खबर असते. त्याने सहज विचारलं, "काय वनिताबाई, म्हंजी तुमी आता अर्ध्या फादर झालात म्हना की." पंडितराव हसले. वाईट हसले नाहीत. पण माझ्या आत जे तीन आठवडे शिजत होतं ते उतू गेलं.

मी म्हटलं, "हसा. बीडला जाऊन माझ्या चुगल्या सांगून आलात, तेव्हा नसेल आलं हसू?"

"कसल्या चुगल्या?" पंडितरावांचा चेहरा अगदी कोरा.

"त्या सहा तारखेच्या गुरुवारी गेला नव्हता बीडला?"

"गेलतो की. नातवाच्या क्लासची चौकशी कराया गेलतो."

"क्लास! वनिता तापट आहे, वनिता ताटं आपटते, हे त्या क्लासमध्ये सांगितलं का?"

गिरणी चालू होती म्हणून मी ओरडून बोलत होते. आणि नेमकी तेवढ्यात गहिनीनाथने गिरणी बंद केली, त्यामुळे "ताटं आपटते" हे शब्द गावाच्या वेशीपर्यंत गेले. पंडितराव पीठ न घेताच निघाले. जाता जाता म्हणाले, "बाई, येशूची शपथ, मी फादरला भेटलोच न्हाई. पन तुमच्या मनात एवढं असंल तर मी वाचन न्हाई करत. येतबी न्हाई."

आत्या पोत्यावर बसल्या होत्या. त्यांच्या हातातला डबा कलंडला आणि ज्वारी सगळीकडे झाली. मी गोळा करत होते, त्या नुसत्या बघत होत्या. तोंडाचा रंगच गेला होता. घरी येऊन निजल्या, जेवल्या नाहीत. माझ्यामुळे चारचौघांत मान खाली गेली म्हणून असेल.

आता लिहिताना एक गोष्ट दिसते आहे आणि ती अजिबात आवडत नाही. फादरला कुणीतरी सांगितलं की वनिताच्या जिभेपायी लोक यायचे बंद होतील. आज पहिला माणूस बंद झाला, तोही सगळ्यांत नेमाचा. ज्याने कुणी सांगितलं त्याचं मी खरं करून दाखवलं.

रविवार, २ मार्च

आज फादर आले. मिस्साच्या आधी पापनिवेदनाला बसले. तिथे त्यांच्या कानात सांगितलेलं पाप ते कुणालाच सांगत नाहीत. आत्या सगळ्यांत पुढे. आत गेल्या त्या बाहेर येईनात. एरवी त्यांचं पापनिवेदन म्हणजे भाजीत मीठ टाकायला लागतो तेवढा वेळ. रांगेतल्या बायका कुजबुजायला लागल्या. सटवा म्हणाला, "म्हातारीनं असं केलंय तरी काय?" मीही हसले. आत्या बाहेर आल्या त्या डोळे पुसत, पण चालणं मात्र हलकं वाटलं.

मिस्सात त्यांनी फादरच्या हातून ख्रिस्तशरीर घेतलं. म्हणजे नको आहे ते फक्त माझ्या हातचं.

पंडितराव आले नाहीत. पहिलं वाचन दीपमालाने केलं, बिचारीने दोन ओळी गाळल्या. मिस्सा झाल्यावर मी फादरना सगळं सांगितलं, गिरणीवरचंसुद्धा. म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी द्या हे काम. जिच्या हातून तिची सासू घेत नाही, तिने गावाला काय द्यायचं? फादर चहा पीत होते. कप खाली ठेवला. म्हणाले, "एक रविवार थांबा." आणखी काही बोलायचं त्यांच्या मनात होतं, पण बोलले नाहीत. फादरचा पेशा अवघड. मला तर पोटात एक गोष्ट ठेवून जेवतासुद्धा येत नाही.

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस. फादर संध्याकाळी येऊन कपाळाला राख लावून गेले. उपास होता. उसाला गेलेली दोन बिऱ्हाडं परत आली, आळीत जरा आवाज वाढला.

प्रार्थना सुटल्यावर आत्या घरी आल्या नाहीत. मी शोधायला निघाले तर त्या पंडितरावांच्या गल्लीतून काठी टेकत येत होत्या. गुडघा दुखतो म्हणून मोरीपर्यंत जायला कुरकुरणारी बाई तीन गल्ल्या चालून गेली! विचारलं, काय काम होतं? "हुतं." मी हात धरला. एरवी झटकतात, आज धरू दिला.

रविवार, ९ मार्च

सकाळपासून ठरवून गेले होते की आज शेवटचं. जमलं नाही, तर जमलं नाही. निदान नीट करून सोडायचं.

घंटा झाली आणि दारातून पंडितराव आले. इस्त्रीचा सदरा, हातात वाचनाचं पुस्तक. मी त्यांच्यापाशी जाऊन म्हटलं, "पंडितराव, माझं चुकलं. तुम्ही म्हणालात नाही, तर नाही. मी ऐकायला पाहिजे होतं." त्यांनी हात जोडले. म्हणाले, "झालं ते झालं. मला कळलंय समदं." काय कळलंय ते सांगितलं नाही, वाचायला गेले. शांतीच्या खुणेला फुलदाणी मी हलवली नाही.

प्रवचन काय केलं ते धड आठवत नाही. येशूचं वाळवंट, भूक, मोह, एवढं सांगितलं असणार.

कटोरा घेऊन वेदीच्या पायरीवर उभी राहिले. रांग लागायच्या आत पहिल्या ओळीतून काठीचा आवाज आला. आत्या उठल्या होत्या. काठी खांबाला टेकवली आणि तशाच, आधार न घेता, चालत आल्या. उठलेली माणसं जागच्या जागी थांबली. आत्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, डावा तळहात उजव्यावर ठेवला. शेणामातीत, राखेत, परातीत झिजलेले ते हात. मी भाकर उचलली आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. रोज शंभर वाक्यं बोलणारी मी, दोन शब्द येईनात. कोपर अंगाला चिकटवला होता तरी हात थरथरत होता.

आत्या हळूच म्हणाल्या, "म्हन की, बाई."

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन." एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की पंडितरावांच्या स्पीकरला लाज वाटावी. मी रडले. बाकीच्या सगळ्या रांगेला रडतच दिलं, कुणी काही म्हटलं नाही.

घरी आल्यावर जेवायला बसलो. भाकरी आणि अख्ख्या मसुराची आमटी. आत्यांनी घास मोडला, पण तोंडात घातला नाही.

"वनिता, पंडितचं काई न्हाई त्याच्यात."

"हो, त्यांची माफी मागितली मी."

"त्या गुरवारी बीडला..." त्या थांबल्या. हातातला घास ताटात ठेवला. "डाक्टरकडं न्हवते..."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदराचं टोक त्यांच्या बोटांत गुंडाळलं जात होतं, सुटत होतं.

मी म्हटलं, "आत्या, आमटी गार होतेय. जेवा."

"ऐकून तर घे."

"फादरनी ऐकलंय ना?"

त्यांनी होकाराची मान हलवली.

"मग झालं."

तानाजीराव घास चावायचे थांबून एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. "कोन गेलतं बीडला? काय ऐकलंय फादरनी?"

"तुम्ही जेवा," मी म्हटलं, आणि त्याच वेळी आत्याही म्हणाल्या, "तू जेव रं."

थोड्या वेळाने आत्यांनी अर्धी भाकरी मागितली. मी अख्खी वाढली, त्यांनी अख्खी खाल्ली.